चौदा किलोंची हातगाडी

आमच्या सासूबाई अमरावतीत भाजीची हातगाडी फिरवतात. बाजारात जागा धरून बसणं त्यांना कधी पटलंच नाही. "गिऱ्हाईक आपल्यापाशी येईन याची वाट काहून पाहाची?" असं त्यांचं म्हणणं. मागच्या थंडीत त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी गाडी ढकलायची नाही म्हणून सांगितलं आणि त्या घरी बसल्या.

घरी बसल्या म्हणजे माझ्या खुर्चीमागे बसल्या. आमच्या पुढच्या खोलीतच माझा कॉम्प्युटर आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा लग्नानंतर काही वर्षं ट्रंकेत पडून होता, मग माहेरी अकोल्याला राहून कॉम्प्युटरवर यंत्रांची डिझाइनं काढायचा क्लास केला. काम शिकाऊच. मी रेघ मारली की मागून आवाज यायचा, "थे वाकडी झाली." ती तिरकीच हवी आहे म्हटलं की, "मंग सरळ काहून नाई ठेवत?" दिवसभर हेच. पण दारावरून दुसऱ्याची भाजीची गाडी गेली की त्या उठून उंबऱ्यापर्यंत जायच्या, त्याची मेथी लांबूनच निरखायच्या आणि काही न बोलता परत येऊन बसायच्या. त्यांचं बोलणं मला सोसवत होतं, हे गप्प बसणं सोसवेना.

म्हणून मी म्हटलं, "आई, तुमच्यासाठी हलकी गाडी मी काढते." इथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

शिकाऊ माणसाच्या हातून जितक्या चुका व्हायच्या तितक्या मी केल्याच, वर काही पदरच्याही घातल्या. एकही माप बांधून ठेवलं नव्हतं, त्यामुळे एक कोपरा ओढला तर अख्खा सांगाडा पसरला. चाकं पाइपांच्या आरपार गेलेली मला कितीतरी दिवस दिसलीच नाहीत, कारण पडद्यावर लोखंडातून लोखंड खुशाल जातं, कोणी अडवत नाही. बोल्ट असे लावले की पाना घालायला जागा उरली नाही. फायलींची नावं होती 'शेवटची', 'खरी शेवटची' आणि 'हीच'. यातलं बरंचसं नंतर निस्तरलं. दांडीची उंची मात्र माझ्याच कमरेवरून घेतली, कारण सासूबाई टेप लावू देईनात. "मी का ब्लाउज शिवाले आली?" म्हणून त्या उठून गेल्या.

सगळं झाल्यावर कॉम्प्युटरला गाडीचं वजन विचारलं. त्यानं सांगितलं, चौदा किलो आणि वर दोन दशांश. लोखंडी पाइपांची, पत्र्याच्या पाटाची आणि चार चाकांची गाडी चौदा किलोंची कशी असेल, हा प्रश्न घरातल्या लेकरालाही पडला असता. मला नाही पडला. जे यंत्र दशांशापर्यंत सांगतं ते खोटं कशाला बोलेल? मी तो आकडा सासूबाईंना दाखवला. "म्हंजे तांदळाच्या कट्ट्यापेक्षा हलकी," त्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात आपली जुनी लाकडी गाडी त्यांनी बार्शीटाकळीच्या बहिणीला देऊन टाकली. मी थांबवायला हवं होतं. उलट ती टेम्पोत चढवायला मीच हात लावला.

ओळखीच्या वेल्डरनं ड्रॉइंगबरहुकूम गाडी करून दाराशी आणली. पिवळी धमक, देखणी. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पदर खोचला आणि दांडी धरली. गाडी जागची हलली नाही. त्यांनी डावा खांदा लावला, तेव्हा कुठे वीतभर सरकली.

"हे काहून चालून नाई राहिली?" त्यांनी विचारलं. मी चाकांना तेल घातलं, पुन्हा ढकलायला सांगितलं. त्या दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "मले गाडी पायजे होती पोरी, रनगाडा नाई."

मी तडक वेल्डरकडे गेले आणि त्याला नको नको ते बोलले. जाड पाइप घातलास, पैसे हलक्याचे घेतलेस, बाईमाणूस बघून फसवतोस, काय काय. त्यानं गाडी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. एकशे दहा किलो. पाइप मी लिहिला होता तोच, पत्राही तोच.

घरी येऊन अकोल्याच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "मटेरियल दिलं होतं का?"

"दिलं होतं ना सर. राखाडी."

सर हसायलाच लागले. राखाडी हा नुसता रंग झाला म्हणे. वस्तू कशाची आहे ते वेगळं सांगावं लागतं, आणि नाही सांगितलं तर आपलं सॉफ्टवेअर ती पाण्याइतकीच जड धरून हिशेब करतं. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. म्हणजे मी सासूबाईंसाठी पाण्याची गाडी काढली होती आणि वेल्डरनं बिचाऱ्यानं ती लोखंडाची केली. न विचारता पाणी धरायचं, आणि तसं धरलंय हे तोंडानं सांगायचं नाही, असला कसला हा कॉम्प्युटर? पण भांडणार कोणाशी? वेल्डरची माफी मागायला तेवढं परत जावं लागलं.

दिलेली गाडी बहिणीकडून परत मागणं सासूबाईंच्या स्वभावात नाही. मग काय, करावे तसे भरावे. रोज सकाळी ते पिवळं धूड मी ढकलायचं आणि सासूबाईंनी रिकाम्या हातानं पुढे चालत मेथी-पालक ओरडायचं. प्रत्येक फाटकाशी त्या थांबून सांगत, "सुनेनं बनवली, कॉम्प्युटरवर." टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. त्या कौतुकानं सांगत होत्या आणि मी मागे घामाघूम, लालबुंद उभी.

दुसरी गाडी काढायला बसले तेव्हा सगळ्यात आधी लोखंडाला लोखंड म्हटलं. मग लक्षात आलं, गाडीचं सगळं मोजलं, ढकलणारीचं काहीच मोजलं नाही. भंगारवाल्याचा, ओढलं की किलो दाखवणारा हुकाचा ताणकाटा मागून आणला, खिडकीच्या गजाला बांधला आणि सासूबाईंना म्हटलं, "ओढा."

त्यांना आधी हसू आलं. मग त्यांनी ओढलं. काटा दहाच्या अलीकडेच थांबला.

"नीट ओढा ना आई. खेळ आहे का हा?" मी वैतागून म्हणाले.

त्यांनी दात आवळून पुन्हा ओढलं. काटा तिथेच. मला वाटलं काटाच बिघडलाय, म्हणून मी स्वतः ओढून पाहिलं. काटा चांगला होता.

"किती आलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या खांदा चोळत आत जायला निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, "कोनाले सांगू नको."

त्या आकड्यात गाडी बसवायची म्हणजे पाइप बारीक करून, चाकं मोठी करून भागेना. ओझंच कमी करावं लागणार होतं. बटाटे, कांदे, कोहळं काढलं तरच ती त्यांना झेपत होती. हे सांगितल्यावर त्या माझ्यावर भडकल्या. "बटाटे नाई तं गिऱ्हाईक थांबन कशाले?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कर."

गाडी झाली. लहानशी, पालेभाज्या, मिरच्या, लिंबं मावतील एवढी. दांडी त्यांच्या मापाची, टेप या वेळी लावू दिला. पहिल्या दिवशी मी नुसती बघायला मागोमाग गेले. त्यांनी ती डाव्या हातानं ढकलली आणि ती चालली. पहिल्याच फाटकाशी एका बाईंनी बटाटे मागितले.

"नाई न बाई," सासूबाई म्हणाल्या. "सुनेनं गाडी चुकवली. बटाटे मावतच नाई तिच्यात. शिकाऊ हाय अजून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बाईंनी पाहिलं, कीव केल्यासारखं. माझे कान तापले. जन्मात काढलेलं माझं हे पहिलं बिनचूक ड्रॉइंग, आणि त्याला गल्लीत उभं राहून चूक म्हणायचं? मग दहाच्या अलीकडे थांबलेला तो काटा आठवला आणि मी गाडीतली लिंबं सारखी करायला लागले. पुढच्या दाराशीही त्यांनी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही.

आता साऱ्या वस्तीला ठाऊक आहे की मला काही येत नाही. परवा एका काकूंनी थांबवून सांगितलं, त्यांचा भाचा कॉम्प्युटरमध्ये हुशार आहे, मापं कशी धरायची ते शिकवेल. सासूबाई शेजारीच कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी म्हटलं, "पाठवा काकू. माझी मापं अजून चुकतात."