दोन अक्षरांची बचत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या प्रकरणात शेवटी गाढव कोण ठरलं ते मला चांगलं ठाऊक आहे. चहा मात्र तुमच्याकडून.

आमचं घर तारापूरच्या किनाऱ्याला. मी बोईसरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरी करतो, पण घरातला खरा धंदा बायकोचा, रंजनाचा. ती बोंबील सुकवून विकते. यंदा मासळी वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीवर माल भरपूर चढला होता आणि पावसाळा तोंडावर. दमट हवा लागली की सुक्या बोंबलाचं वाटोळं, म्हणून रंजनाच्या जिवाला घोर.

तेवढ्यात एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कँटीन मॅनेजरनी निरोप धाडला. सगळाच्या सगळा माल घेतो, फक्त नमुना आणा आणि वेबसाइट दाखवा, आमच्या खरेदीवाल्यांना ती लागते. आता मला सांगा, बोंबील खाणाऱ्याला वेबसाइट कशाला? नाकापेक्षा मोती जड! पण ऑर्डर मोठी होती.

माझा मेहुणा प्रशांत पालघरला वेबसाइटी बनवतो. त्याने चांगलं होस्टिंग घ्यायला सांगितलं. होस्टिंग म्हणजे काय, तर आपली वेबसाइट ठेवायला कुणाच्या तरी कॉम्प्युटरात भाड्याची खोली. भाडं ऐकून मी म्हणालो, खोली सांगतोस की बंगला? तुम्ही सगळे लुटारू. आणि स्वतःच शोधून वडापावच्या पैशात वर्षभराचं पॅकेज उचललं.

कसलं डोंबलाचं पॅकेज! एका होडीत शेकडो बिऱ्हाडं कोंबलेली. शेजारच्याने खोकलं की आमची साइट आडवी. उघडलीच तर फोटो इतका सावकाश उतरायचा की समुद्राची ओहोटी बरी. वर साइटच्या नावाला फक्त अकरा इंग्रजी अक्षरं. 'तारापूरबोंबील' काही त्यात बसेना, शेवटची आय आणि एल बाहेर सांडत होती. मी सांडू दिली. जादा अक्षरांचे जादा पैसे कोण देतो?

रंजनाने मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "यातलं ईल कुटं गेलं?"

लोक समजून घेतात, असं मी तिला ऐकवलं. फुकटची अक्कल माझ्याकडे कायम शिल्लक असते.

तर नमुना घेऊन मी कंपनीच्या गेटवर पोचलो. केमिकलची कंपनी, तिथं खिशातली काडेपेटीसुद्धा गेटवर काढून ठेवायला लावतात. आत जायच्या आधी साइट उघडून बघतो तर ठार बंद! नेमकी आजच मरायची होती का? तणतणत कस्टमर केअरला फोन लावला. एका हातात बोंबलांची पिशवी, दुसऱ्या हातात सही करायला वॉचमनने दिलेलं पेन, म्हणून फोन शर्टाच्या खिशात, स्पीकरवर, आवाज पूर्ण सोडून.

एकदाची बाई बोलली. "सर, आपका तारापुर बॉम्ब अभी बंद है. दस मिनट में चालू हो जाएगा."

वॉचमन दोन पावलं मागे सरला. पेनही परत मागितलं नाही.

शहाणा माणूस अशा वेळी काय करील? फोन बंद करील. पण माझं सगळं लक्ष त्या दळभद्री साइटवर. मी खिशाकडे मान वाकवून ओरडलो, "दस मिनट नहीं मैडम, अभी चालू करो! मैं कंपनी के गेट पर ही खड़ा हूँ!"

शिट्टी वाजली. नुकतीच सुटलेली पाळी चपला सोडून रस्त्यापलीकडे पळाली. वॉचमनने लांबूनच पिशवी खाली ठेवायला फर्मावलं. मी ठेवली, हात वर केले आणि मछली है, मछली है, असं सांगत राहिलो. ऐकतंय कोण? खिशातली बाई तेवढी विचारत होती, आणखी काही मदत करू का म्हणून.

मग एक भटकं कुत्रं आलं. त्याने पिशवी हुंगली, आत तोंड घातलं आणि रंजनाने एकेक निवडून दिलेला नमुना सगळ्या कंपनीदेखत कुरुमकुरुम खायला घेतला. झाली तपासणी!

गलका ऐकून कँटीन मॅनेजर बाहेर आले. इथल्याच मासवण गावचा माणूस, बोंबलाचा वास लगेच ओळखला. माझ्या मोबाइलवरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, बी, ओ, एम, बी, आणि हसता हसता कठड्यावरच बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी ते 'बोंब' असंच वाचत होतो हो! इंग्रजीत त्याचं काय होतं, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला कंपनीच्या गेटवर हात वर करून कळलं.

"नमुना कुत्र्याने पास केलाय," मॅनेजर डोळे पुसत म्हणाले. "माल घेतो. पण ती वेबसाइट कुणाला दाखवू नका, आणि मिसेसचा नंबर द्या. पुढचं त्यांच्याशीच बोलतो."

दिला नंबर. घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. रंजना वलांडीवरून बोंबील उतरवत होती. मी आपला घसा खाकरून म्हणालो, काही म्हण, पण वेबसाइट काढली म्हणूनच एवढी ऑर्डर मिळाली.

तिने मान वळवूनही बघितलं नाही.

"बोंबील माजे," ती म्हणाली, "बोंब तुमची."