फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न

पुन्हा तेच. बिरादार सरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या सत्कार समितीच्या पत्रात छापलंय, समांतर जगांचा तो प्रश्न शिरीषने वर्गात विचारला होता. शिरीष माझ्या बाकावरचा. त्याला मी फोनवर तीनदा सांगितलं, आता सगळ्यांना सांगतो: प्रश्न माझा होता.

बिरादार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. औशाकडचं आमचं गाव पडलं, त्यात आई गेली. मामा मला लातूरला घेऊन आले. तेव्हा गल्लोगल्ली क्लासचे फलक लागत होते. सरांच्या क्लासची फी ऐकून मामा उठलेच. सर म्हणाले, "पोरगं बसू द्या हो, बाकावर जागा हाय." फीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

रविवारी सर परीक्षेत न येणारं शिकवायचे. एकदा म्हणाले, क्वांटम संगणक निघणार आहे, तो हजार वाटा एकदम चालून पाहील. मग एवढं काम होतं कुठं? काही शास्त्रज्ञ म्हणतात, शेजारच्या जगांत. काही म्हणतात, जगबिग काही नाही, नुसतं गणित.

मी उठलो. "सर, भूकंप झालाच न्हाई असं जग असंल का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मला माहीत न्हाई, हणमंत," म्हणाले. उत्तर न आलेला प्रश्न ते फळ्याच्या कोपऱ्यात विचारणाऱ्याच्या नावासकट लिहीत, आणि तो कोपरा कुणी पुसायचा नाही. गुणवंतांच्या फलकावर माझं नाव कधी आलं नाही. तिथं आलं.

दहावी अर्धी सोडून मी फरशी बसवायच्या कामाला लागलो, पुढं त्याच कामावर मस्कतला आलो. सोडून गेलेल्याचा प्रश्न पोरका होऊ नये म्हणून सर तो दुसऱ्याच्या नावावर करायचे. माझा शिरीषला गेला. घोळ तिथं झाला. आज तो परदेशात त्याच संगणकावर काम करतोय. म्हणतो, "हण्या, दुसरी जगं मानायची गरजच न्हाई. गणित पुरतं." त्याला पुरणारच. त्याची आई अजून दर रविवारी त्याला फोन करती.

पत्र वाचून सरांनीच मला फोन केला. "प्रश्न तुझा हाय, माझ्या ध्यानात हाय. लिहून धाड, मी छापायला लावतो." म्हणून हा लेख.

शिरीषचा हेवा वाटतो, लपवत नाही. त्याहून जास्त वाटतो तो गाव न पडलेल्या जगातल्या हणमंताचा. आईनं त्याला फी भरून सरांकडं घातलं असेल. बारावी झाला असेल.

सरांची साठी पुरी झाली. त्यांचे गुडघे धड राहोत, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत राहो, शंभरीलाही ते फळ्यापुढं उभे असोत.

समितीने माजी विद्यार्थ्यामागे पाचशे एक रुपये वर्गणी ठरवलीय. मी माझे आणि त्या दुसऱ्या हणमंताचे मिळून पाठवतोय: एक हजार दोन.