गाठ कशानं गेली

चार वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, शेजारच्या शालनवहिनींनी मला एक प्रश्न विचारला आणि मी खोटं उत्तर दिलं. उत्तर तीन शब्दांचं होतं. ते खोटं होतं हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी तालुक्याच्या बातम्या देतो. घर कवठे येमाईला, फिरणं शिरूर ते दौंड. दोन ठिकाणी खातरजमा केल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही कामाची सवय. तुम्हाला हे आधी सांगतो, कारण खरं काय ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षी जूनमध्ये माझ्या मानेला, उजव्या कानाखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. आईनं मला आप्पांकडे नेलं. आप्पा म्हणजे वस्तीवरचे म्हातारे. पूर्वी मेंढरं राखायचे, आता गंडमाळेवर बिब्बा देतात. तापलेल्या सुईनं बिब्ब्याचं तेल गाठीवर टेकवतात. पैसे घेत नाहीत. तीन रविवार, तीन डाग. गाठ होती तेवढीच राहिली, संध्याकाळची कणकण मात्र सुरू झाली.

ऑगस्टमध्ये बातमीच्या कामानं दौंडला गेलो, तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात मान दाखवली. डॉक्टरांनी आधी घसा पाहिला, दात पाहिले, डोक्यात कुठं जखम आहे का तेही पाहिलं. अशा कारणानं सुजलेली गाठ बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणाले. महिना उलटूनही राहिलेली, न दुखणारी, वाढत जाणारी गाठ तपासायलाच हवी. सुई घालून नमुना काढला. गाठीचा टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. हा टीबी सहसा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, लपवायचं कारण नाही — हेही त्यांनी सांगितलं.

मी लपवला. माझं लग्न ठरलं होतं. टीबी हा शब्द मुलीकडच्यांच्या कानावर गेला असता तर? — एवढाच विचार केला, दुसरा नाही. आरोग्य खात्याच्या गावातल्या आशाताई गोळ्यांची चौकशी करायला दारात येऊ नयेत म्हणून दौंडच्या मित्राचा पत्ता दिला. महिन्याच्या महिन्याला तिकडे जाऊन गोळ्या आणायच्या, घरी सांगायचं बातमी आहे. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची. तीही कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून जपायचो.

चौथ्या महिन्यात गाठ बोटाला लागेनाशी झाली. गाव म्हणालं, आप्पांचा गुण. आप्पा आलेल्या माणसांना सांगू लागले, "पेपरवाला माझ्या हातानं बरा झालाय. आता तेवढा माझा फोटु छापायचा ऱ्हायलाय त्याचा." लोक हसायचे. मीही हसायचो. हसणं म्हणजे खोटं बोलणं आहे का? तेव्हा मी नाही असं ठरवलं होतं.

मग तो रविवार. शालनवहिनी ब्लाऊज शिवतात. त्यांचे मालक शिक्रापूरच्या कंपनीत आहेत. लग्नासाठी आईची मापं घ्यायला त्या आल्या होत्या. आई आत गेली, तशी त्यांनी गळ्यातला टेप बाजूला केला आणि मान वळवली. गाठ माझ्यासारखीच होती — त्याच जागी.

"दोन म्हयनं झालं, भावजी. ह्यांला म्हनलं दवाखान्यात न्या, तर म्हनत्यात आप्पांकडं जा. आता तुम्हीच खरं सांगा. तुमची बिब्ब्यानंच गेली ना?"

माझा पाचवा महिना चालू होता. त्या दिवशीच्या गोळ्या शर्टाच्या खिशात होत्या. आई आतल्या खोलीत होती.

"त्यानंच गेली, वहिनी."

त्या त्याच दिवशी आप्पांकडे गेल्या. पुढचे सहा रविवार गेल्या. डाग चिघळले. मार्चमध्ये गाठ फुटली, पू वाहू लागला. मेमध्ये त्यांनी माझ्या लग्नात वाढलं — पदर मानेभोवती घट्ट लपेटून. पंगतीत त्या माझ्यासमोरून दोनदा गेल्या. जूनमध्ये त्यांना पुण्याला नेलं. तपासणीत टीबी निघाला. माझ्या होत्या त्याच गोळ्या त्यांना मिळाल्या. जखम भरायलाच आठ महिने लागले.

बऱ्या झाल्यावर एकदा त्या आईला ओट्यावर सांगत होत्या. मी आत होतो, दार उघडं होतं.

"आप्पांला कशाला बोल लावू, काकू? भावजींला गुण आलाच की. माझंच अंग वाईट."

त्यांच्या मानेवर कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत व्रण आहे. माझ्या मानेवर तीन ठिपके आहेत. आप्पा अजून रविवारी बिब्बा देतात आणि माझं नाव सांगतात. माझ्या बायकोचे ब्लाऊज शालनवहिनीच शिवतात. स्वतःच्या ब्लाऊजला त्या आता कॉलर लावतात.