पिशवीतला प्रोसेसर

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण हसणारच आहात. फक्त चहा सांडू नका. बावीस वर्षं नोकरी झाली राव, पण असा तोंडावर आपटलो नव्हतो. तेही दुसऱ्याला नापास करायला निघालेलो असताना!

आधी एक कबुली देतो. नवी वस्तू आली की तिच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. वडील भोसरीच्या कारखान्यात होते. ते आणि आमचा फ्रिज एकाच वर्षी रिटायर झाले, तेव्हाही फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक शाबूत होतं. माझ्या गाडीला तीन वर्षं झाली, सीटवर अजून शोरूमचंच प्लॅस्टिक आहे. उन्हाळ्यात बायको ओरडते, "अहो, पाठ चिकटते माझी! काढा ना ते एकदाचं!" मी म्हणतो, "बाहेर धूळ बघितलीस का?" आणि रेडिओ लावतो.

तर, दिघीहून मी रोज चाकणला जातो. महाळुंग्याच्या बाजूला आमची कंपनी. ट्रॅक्टर-टेम्पोच्या डॅशबोर्डवर जो स्क्रीन असतो, तो आम्ही बनवतो. स्क्रीनच्या मागे एक सर्किट बोर्ड, त्यावर प्रोसेसर. काम आलं की त्यानं पळायचं, काम नसेल तेव्हा दमानं घ्यायचं. कधी पळायचं आणि कधी नाही, हे त्याला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. तो फार वर्षांपूर्वी मी लिहिला. छान लिहिला होता. फक्त प्रोसेसर काम नसतानाही पळत राहायचा आणि गाडीची बॅटरी खायचा, एवढंच.

हे दुरुस्त करायला घेतलं वैष्णवीनं. परभणीची मुलगी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तिचा बदल मी तपासायचा, माझ्या बोर्डवर चालवून बघायचा आणि 'मंजूर' म्हणायचं. शुक्रवारपर्यंत मंजूर झाला तर ती कायम, नाही तर शुक्रवार तिचा शेवटचा दिवस. मॅनेजर मला सरळ म्हणाले, "तुमच्या शब्दावर आहे."

आता माझ्या शब्दाची अवस्था सांगतो. सकाळचे दीड तास मोशीच्या ट्रॅफिकमध्ये. मग दोन मीटिंगा, ज्यात मी का बसलोय हे मलाही माहीत नसतं. त्यानंतर दुसऱ्याचा कोड वाचायचा. कोड वाचताना माझे डोळे उघडे असतात, एवढीच मी खात्री देऊ शकतो.

त्याच आठवड्याच्या सोमवारी नवा बोर्ड आला. त्या मॉडेलचा लॅबमध्ये एकुलता एक! खिडकीबाहेर रस्ता खोदलेला, टेबलावर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. मी काय केलं? बोर्ड स्वच्छ पारदर्शक पिशवीत घातला, वायरी बाहेर काढल्या आणि तोंडाला रबर लावलं. शेळकेमामा बघत होते. मामा म्हणजे आमचे लॅब टेक्निशियन, महाळुंग्याचेच, कंपनीपेक्षा जुने.

"सायेब, ह्ये पिशवीत कशापायी? गुदमरंल की त्ये."

"मामा, धूळ बघा किती आहे. नवा बोर्ड आहे."

"व्हय, पण आमी काय म्हंतो—"

"मामा, चहा सांगता का?"

मामा गेले. जाताना मान हलवत गेले, ते मी बघितलं. बघून काय उपयोग?

प्रोसेसरला भरपूर काम देऊन वैष्णवीचा कोड चालवला. वेग दोन मिनिटं मस्त वाढला आणि मग जो खाली बसला तो बसलाच. स्क्रीनवर एक ओळसुद्धा आली, 'तापमान जास्त'. मी म्हटलं, मे महिना आहे, चाकणमध्ये कुणाचं तापमान कमी आहे? आणि शेरा टाकला, 'वेग टिकत नाही. पुन्हा बघणे.' जाता जाता एका ओळीतली एक जास्तीची मोकळी जागाही दाखवून दिली. सिनियर माणसाला तेवढं करावंच लागतं.

पाच मिनिटांत ती लॅपटॉप घेऊन हजर.

"सर, माझ्या जुन्या बोर्डावर तर बरोबर चालायलंय."

"वैष्णवी, हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय."

"सर, तुमच्या बोर्डावर जुना कोड लावून बघता का एकदा? म्हणजे कळंल."

"जुना कोड मी लिहिलाय. त्याला काय धाड भरलीये?"

तिनं लॅपटॉप मिटला. बिचारी जाऊन दुसरी आवृत्ती घेऊन आली. तोपर्यंत बाहेर जेसीबी लागला होता आणि धूळ आत यायला लागली होती. मी आणखी एक पिशवी चढवली. आता तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं. मला नाही कळलं! वेग आणखी खाली. मी लिहिलं, 'ही आवृत्ती आधीपेक्षा वाईट आहे.'

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी पिशव्यांवर रुमाल टाकला. शेरा: 'प्रत्येक आवृत्तीगणिक आपली प्रगती खालच्या दिशेने चालू आहे. वेग वाढत नाही तो नाहीच, वर चिप तापते. मूलभूत गोष्टींचा अभ्यास करावा.' हे वाक्य लिहून मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी, ती आणि ते. त्यांनी विचारलं, "काय करायचं?"

मी म्हणालो, "मुलगी कष्टाळू आहे. पण अजून तयार नाही."

तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण दमलेला माणूस वाईट वाटणं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, जायच्या आधी एकदा तुमचा बोर्ड बघू का? मला नुसतं समजून घ्यायचंय, माझं काय चुकलं."

गेलो तिघं लॅबमध्ये. मामा तिथे होतेच. मॅनेजरना यायची काही गरज नव्हती. पण असल्या वेळी ते बरोबर येतात.

तिनं आधी जुना कोड लावला, माझा. वेग दोन मिनिटं वाढला आणि धपकन खाली बसला.

"सर, हा तर तुमचाय."

मी जवळ जाऊन आकडा पुन्हा वाचला. मग तिची नजर टेबलावर गेली. तिनं हळूच रुमाल उचलला, पिशवीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई, केवढं तापलंय! सर, हे पिशवीत कशामुळं ठेवलंय?"

मी म्हणालो, "धूळ..." आणि खिडकीकडे बोट केलं.

तिनं रबर काढलं. एक पिशवी, मग दुसरी. बोर्ड जरा निवू दिला, आपला कोड लावला आणि आम्ही चौघं आकड्याकडे बघत उभे राहिलो. वेग वाढला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली, हलायचं नाव नाही! अहो, प्रोसेसर शहाणा होता. अंगाची आग व्हायला लागली की जीव वाचवायला आपणहून हळू होत होता, आणि मी त्या पोरीला अभ्यास करायला सांगत होतो.

मामा म्हणाले, "आमी सोमवारीच म्हनलो व्हतो, गुदमरंल."

मॅनेजरनी एकदा पिशव्यांकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी तिला म्हणालो, "वैष्णवी, चुकलं माझं. चार दिवस तुला उगाच रडवलं." खरंच लाज वाटत होती हो.

"असू द्या सर," ती म्हणाली. "मला वाटलं, मला काही येतच नाही." हे मात्र लागलं. अजून लागतं.

तिथल्या तिथे मंजुरी दिली. पण आमच्याकडे लिहिलेले शेरे पुसता येत नाहीत. 'मूलभूत गोष्टींचा अभ्यास करावा' तिथे जसंच्या तसं आहे, आणि त्याच्याच खाली माझ्याच नावानं, 'मंजूर. दोष तपासणाऱ्याच्या पिशवीत होता.' नवीन येणारा प्रत्येक जण ते वाचतो.

वैष्णवी कायम झाली. आता लॅबच्या टेस्टिंगचं सगळं तीच बघते. तिनं भिंतीवर सूचनांचा एक कागद लावलाय. त्यातली पहिलीच सूचना, 'बोर्डवरचं कव्हर काढलं का?' प्रत्येकानं ते बघायचं, मगच पुढचं काम. कुणी विचारलं की ही कसली सूचना, की मामा नुसतं माझ्याकडे बोट करतात.

कागद मात्र अजून कोरा करकरीत आहे बरं का. एवढ्या धुळीतसुद्धा! पहिल्याच दिवशी मी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.