उतरलेला रुपया आणि माझा कान

अगं पोरी, जवळ ये. कागदावरून का होईना, पण माझ्याशेजारी बस आणि आधी बोलणी खा. तू माझी सख्खी भाची, आणि फोनवर मी दोनदा "काय म्हणालीस?" विचारलं की "मावशी, नंतर बोलू" म्हणून मोकळी होतेस! तुझी लेक 'आज्जी' म्हणायला शिकली, तर मला नुसतं 'जी' ऐकू आलं. त्याच दिवशी ठरवलं, कानाचं यंत्र घ्यायचंच.

दुकानात जाऊन बघून आले. यंत्र परदेशातून येतं. दुकानदारानं भाव लिहूनच दाखवला, मला ऐकू कुठलं यायला! म्हटलं, जरा थांबू. आणि घरी येते तर पेपरात मोठ्या अक्षरांत, 'रुपया उतरला'. मला लई आनंद. आपल्याकडं ज्वारी उतरली म्हणजे ज्वारी स्वस्त, कांदा उतरला म्हणजे कांदा स्वस्त. जन्मभर बाजार केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? म्हटलं, उतरू दे अजून. रोज पेपर उघडायची आणि खूश व्हायची.

एक दिवस शेजारीण आली. तिच्या घरी माग आहेत, त्यांचे टॉवेल परदेशी जातात. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. मी तिला पेपर दाखवून म्हटलं, "बघ, अजून थोडा उतरला की यंत्र घेते."

तिनं कपाळावर हात मारला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "आक्का, कांदा न्हाय त्यो! रुपया उतरला म्हणजे रुपयाच स्वस्त झाला की! आता एका डॉलरला जास्त रुपये घालावं लागतात. तुमचं यंत्र डॉलरनं येतंय, ते महागणार!"

"मग तू हसतेस कशाला गं?"

"आमचं टॉवेल डॉलरवर जातंय. आमाला बरं, तुमाला वाईट. उठा, चपला घाला!"

रिक्षात घालून तिनं मला दुकानात नेलं. नव्या मालाचा भाव खरंच चढला होता. रुपयासारखं माझंही तोंड उतरलं. पण ही बया हटेना. "या आदी येऊन बघून गेल्या की! जुन्या मालातलं एक बी न्हाय व्हय?" दुकानदारानं कपाट धुंडाळलं, आतून एक डबी काढली. म्हणाला, "आजी, हे आधीच्या डॉलरनं आलंय. जुन्याच भावात घ्या." देव त्याचं भलं करो. नव्या भावात दिलं असतं तरी मला कुठं कळणार होतं?

यंत्र कानात बसलं. शेजारीण सवयीनं ओरडलीच, "येतंय का ऐकू?" मी म्हटलं, "अगं हळू की, बहिरी आहे का मी?" दुकानभर हसू!

संध्याकाळी तिच्या मागांची खटखट भिंतीतून ऐकू आली. किती वर्षांनी! तिचे उपकार कसे सांगू तुला? ती म्हणते, टॉवेलचे पैसे जास्त आले, पेढे मीच देते.

आता फोन नको. लेकीला घेऊन लवकर ये, आणि माझ्या मांडीवर बसून तिला अख्खं 'आज्जी' म्हणू दे.