उचललेला भंडारा

परवा टीव्हीवर चार शहाणे बसून भांडत होते. एका धावणाऱ्या पोरीनं देश बदलला होता. जन्मली एकीकडे, पळते दुसऱ्याच झेंड्याखाली. एक म्हणाला, ही गद्दारी आहे. दुसरा म्हणाला, पोटासाठी माणूस काय करत नाही. नातवानं मला विचारलं, "आजी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "बंद कर तो डबा." आजीला खेळातलं काही कळत नाही, असं त्याला वाटलं असणार. मला त्यातलं जेवढं कळतं तेवढं त्या चौघांना मिळूनही कळणार नाही. पण नातवाला उभ्याउभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझं माहेर खेडच्या बाजूला. लग्न करून मी तळवड्याच्या पलीकडे, इंद्रायणीकाठच्या गावात आले, तेव्हा सासरची निम्मी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. उरलेल्या निम्म्यात भागेना म्हणून आमचे हे चिंचवडच्या एका कंपनीत लागले होते. टेम्पररी. म्हणजे काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा साहेबाच्या दारात उभं राहायचं. गावात मात्र ह्यांना ओळखत नव्हतं असं पोर नव्हतं, कारण हे कबड्डी खेळायचे. चढाईला निघाले की समोरच्या संघातले गडी आपोआप दोन पावलं मागे सरायचे. त्यांना तयार केलं होतं माझ्या थोरल्या दिरांनी. दीर संघाचे कप्तान, डावा कोपरा सांभाळायचे. त्यांच्या हातात घोटा सापडला की सुटत नसे, अशी त्यांची ख्याती होती. दोघे भाऊ एका घरात, मधे फक्त एक कूड, आणि त्या कुडातून रोज दोघांचं बोलणं चालायचं ते कबड्डीचंच.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी जत्रेत माझ्या माहेरचा संघ खेळायला आला. माझा भाऊ चढाई करून दोन गडी बाद करून परत गेला आणि मी टाळी वाजवली. सासूबाईंनी माझा हात धरून खाली दाबला. म्हणाल्या, "आता तू तिकडची न्हाईस." हळदीच्या अंगानं एका दिवसात माझं गाव बदललं होतं, आडनाव बदललं होतं, देव बदलले होते. मला कुणी फितूर म्हटलं नाही. बदलले नसते तर मात्र म्हणाले असते. हे तेव्हा मी मनातच ठेवलं, पुढं ते फार उपयोगी पडलं.

आमच्या संघाची एक रीत होती. दसऱ्याला सगळे खेळाडू खंडोबाच्या देवळात जायचे आणि ओंजळीत बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ घ्यायचे, की गावच्या गड्यावर कधी हात टाकणार नाही. भंडारा उचलला म्हणजे शब्द दिला. तो उतरवायचा असेल तर पुन्हा देवळात यायचं आणि सगळ्या संघानं "जा" म्हणायचं. त्याशिवाय सुटका नाही. आजवर कुणी सुटका मागितलीच नव्हती, कारण जायला जागा कुठे होती?

जागा झाली ती दुष्काळाच्या वर्षी. पाऊस पडला नाही, उरलेल्या शेतात काही आलं नाही आणि नेमका तेव्हाच ह्यांचा ब्रेक जवळ आला. कंपनीत नवे साहेब आले होते, त्यांना कंपनीचा कबड्डी संघ काढायचा होता. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, आमच्याकडून खेळ, या हंगामात संघ वर आण, तुला कायम करतो. त्या दिवशी हे सायकल हातात धरून चालतच घरी आले. मी विचारलं, पंक्चर झाली का? म्हणाले, "न्हाई. जरा इचार करत आलो."

ह्यांनी चोरून काही केलं नाही, हे मी ठासून सांगते. सरळ देवळात गेले आणि भंडारा उतरवून मागितला. बाकीच्या गड्यांपैकी दोघातिघांनी माना डोलावल्या सुद्धा. थोरले दीर म्हणाले, "ज्यांनी आपली जिमीन घेतली त्यांच्याकडून तू आपल्यावर चालून येनार? आमी जा म्हननार न्हाई." हे म्हणाले, "दादा, घरात दानं न्हाईत." दीर म्हणाले, "माझ्या तरी घरात कुठं हायेत?" ते खरंच होतं. दिरांच्या घरातही त्या वर्षी रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी होत होत्या. पण म्हणून भावाच्या तोंडचा घास अडवायचा? माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की जाणाऱ्याला जो अडवतो त्यानं आधी त्याला पोसावं. पोसायची ऐपत नसेल तर वाट सोडावी.

हे कंपनीकडून खेळायला लागले. दुसऱ्या दिवसापासून कुडापलीकडचं बोलणं बंद झालं. पाणवठ्यावर बायका मी आले की घागरी उचलून चालू लागायच्या. ह्यांनी आपल्या मनाशी एक तोड काढली होती, ती मला अगदी शेवटी कळली. माघी पौर्णिमेच्या जत्रेत कंपनीचा संघही उतरणार होता. साहेबांना गावाशी संबंध सुधारायचे होते, त्यांनीच हौसेनं नाव दिलं होतं. आदल्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा हे चुलीपाशी येऊन बसले.

म्हणाले, "म्या शब्द दिलाय तो गावच्या गड्यावर हात टाकनार न्हाई असा. दुसऱ्याचं बनियन घालनार न्हाई, असा न्हाई दिला."

"मग?"

"बाकीच्या संघांना मी एकटा पुरून उरतो. गावाशी गाठ पडली तर चढाईला जाईन, रेघ ओलांडीन, कुनाला न शिवता माघारी येईन. शब्द बी राहील आनि नोकरी बी राहील."

मी म्हटलं, "आणि साहेब काय आंधळा आहे का?"

"त्याला कबड्डीतलं काय कळतंय?" असं म्हणून हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले, म्हणून मी पुढं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा संघ ह्यांच्या जोरावर एकेक सामना मारत गेला आणि शेवटी गाठ पडली ती गावाशीच. आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. सासूबाई माझ्यापासून लांब बसल्या होत्या. साहेब मांडवात खुर्चीवर, शेजारी सरपंच.

हे चढाईला गेले. चढाईवाल्याला ओलांडावीच लागते त्या निदान रेघेपलीकडे पाय टेकवला, "कबड्डी कबड्डी" म्हणत गड्यांच्या मधून फिरले आणि कुणालाही हात न लावता परत आले. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी तर दिरांच्या इतक्या जवळून गेले की नुसतं बोट पुढं केलं असतं तरी दीर बाद होते. ह्यांनी बोट केलं नाही. लोकांच्या ध्यानात आलं आणि पोरं हसायला लागली. ह्यांना वाटलं होतं, गावाला कळेल की मी शब्द पाळतोय. गावाला कळलंच. पण दिरांना ती दया वाटली. सगळ्या जत्रेसमोर धाकट्या भावानं त्यांना सोडून दिलं होतं. ते ओरडले, "हात लाव की! भीक घालतो व्हय मला?" मांडवात साहेब उभे राहिले होते आणि कपाळाला आठ्या घालून सरपंचांना काहीतरी विचारत होते.

पुढच्या चढाईला दिरांनी ह्यांचा घोटा धरला.

हे पोटावर पडले, पण हात मधल्या रेघेकडे गेला. ह्यांची ती झेप सगळ्यांना माहीत होती. रेघेला बोट लागलं असतं तर धरणारे दीर बाद झाले असते आणि गावही हरलं असतं. मी ओट्यावरून स्पष्ट बघत होते. बोट रेघेला लागणारच होतं. तेव्हा ह्यांनी तोंड मिटलं. दम संपला नव्हता, मी ह्यांचा दम ओळखते. ह्यांनी स्वतःहून "कबड्डी" म्हणणं थांबवलं. पंचांनी शिट्टी वाजवली आणि हे बाद झाले.

तिथंच संपायला हवं होतं. पण चढाईवाला पडला की सगळ्यांनी अंगावर पडायचं अशी आमच्याकडे सवय होती. शिट्टी झाल्यावरही एकावर एक गडी पडत राहिले, महिनाभराचा राग होता त्यांच्यात. ह्यांचा गुडघा मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. बायकांनी त्या मैदानात पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. मी ठेवला. पदर कुठे, चपला कुठे, काही भान नव्हतं. एकेकाला ओढून काढत होते आणि तोंडाला येईल त्या शिव्या देत होते. सगळ्यात खाली दीर होते. त्यांच्या हातात अजून घोटा होता.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पाय बसवला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. गाव म्हणालं, देवानं दाखवलं. साहेब एकदा मोसंबी घेऊन आले. म्हणाले, मशिनवर मोडला असता तर काही करता आलं असतं, हा खेळताना मोडला, आणि शेवटच्या सामन्यात तुम्ही मनापासून खेळलाही नाहीत. साहेबाला कबड्डीतलं कळत होतं. ब्रेक आला तो आलाच, पुन्हा बोलावणं आलं नाही. दीर दवाखान्यात आले नाहीत आणि घरीही आले नाहीत. धोबी का कुत्ता म्हणतात तसं झालं आमचं, फरक एवढाच की दोन्ही दारांतून मारही खाल्ला.

मी डबे करायला घेतले. मराठवाड्यातून, कोकणातून आलेली पोरं कंपन्यांत लागली होती आणि खोल्या करून राहत होती. ती गाव सोडून आली होती, आणि त्यांना कुणी जाब विचारत नव्हतं. हे दारात पाय लांब करून बसायचे आणि कांदे निवडून द्यायचे. पुढं वसाहतीतल्याच दुसऱ्या एका कंपनीचे लोक आले. संघाला शिकवायला या, पगार देऊ, कायम करू, असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "तुमची पोरं उद्या आमच्या गावावर चालून जातील. म्या भंडारा उचललाय." ते गेल्यावर मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डबे होते, बोलावंच लागलं.

वर्षं गेली. गावचे गडी एकेक करून कंपन्यांत लागले. दिरांचा मुलगा ह्यांच्यासारखाच चढाईला पटाईत निघाला. त्याला परराज्यात एका खात्यानं नोकरी दिली. तो तिकडच्या संघातून खेळला आणि आपल्याच राज्याला हरवून आला. गावानं कमान उभारली, गुलाल आणला, बँडबाजा सांगितला.

मग एका दुपारी दीर आमच्या दारात आले. जत्रेपासून पहिल्यांदाच. हातात नारळ होता, केस पिकले होते. उभ्यानंच म्हणाले, "पोराचा सत्कार हाय. पहिला हार तू घालावा, आसं समद्यांचं म्हननं हाय."

ह्यांनी कांद्यावरून हात काढला. मला वाटलं, आता तरी बोलतील, आता तरी मनातलं सगळं बाहेर पडेल. मी तर आतून वाटच बघत होते. पण ह्यांनी एवढंच विचारलं, "पोरानं भंडारा उचलला व्हता? त्याला जा म्हनला का तुमी?"

दीर म्हणाले, "आता कोन उचलतंय रं? ते बंद होऊन लई वर्सं झाली."

हे ताठ पायाकडे बघत राहिले.

"मला कुनी सांगितलं न्हाई," म्हणाले.