चौथी गल्ली यादीत नाय

गुलमंडीतल्या दुकानात मी तीस वर्षं कापड फाडलं. कटपीस कसे साठतात ते मला विचारा. मुद्दाम कुणी साठवत नाय. मीटर-दीड मीटर उरतं, कोपऱ्यात फेकलं जातं, आन् दिवाळीची आवराआवर काढली की गठ्ठा छातीला लागतो. आमच्या कॉलनीतले टँकरचे किस्से असेच साठले. सगळे त्या एका दुष्काळी वर्षातले. सांगताना माझं डोकं अजून तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

कॉलनी शहराच्या कडेची. काल ज्वारी, आज प्लॉट. घरं झाली, गल्ल्यांना नंबर पडले, नळ तेवढा यायचा राहिला. प्रत्येकाच्या दारापुढं निळा ड्रम, त्यावर पेंटनं नाव. टँकर यायच्या आधी माणूस रांगेत नसला तरी चालतं, त्याचा ड्रम पाहिजे. दुसऱ्याचा ड्रम सरकवला की भांडण. हा आमचा कायदा, आन् तो सगळे पाळतात.

टँकर रफिकभाई चालवायचे. त्यांना फोन करून "भाई, पाणी संपलं" एवढं म्हटलं की काम व्हायचं. त्या उन्हाळ्यात टँकरच्या एजन्सीनं ॲप काढलं. रफिकभाईंना हुकूम आला, ॲपवर नाव नसंल तर गाडी वळवायची नाय.

*

ॲप पहिल्यांदा भरलं तिसऱ्या गल्लीतल्या बबनरावांनी. कंपनीत कामाला असल्यामुळं ते स्वतःला टेक्निकल समजतात.

ॲपनं विचारलं, मजला कोणता? बबनरावांचं घर पत्र्याचं. शून्य टाकला, चालंना. रिकामं सोडलं तर लाल रेघ. वैतागून त्यांनी एक टाकला.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई खांद्यावर पाइप घेऊन घराभोवती फेऱ्या मारायलेत. "बबनभाऊ, पहिला माला किधर है?"

बबनरावांनी पत्र्याकडं बोट केलं. "तिथं मांजर राहती. तिला विचारा."

*

मग ओटीपी आला. पाणी सोडायच्या आधी ओटीपी सांगायचा. तो यायचा बबनरावांच्या मोबाईलवर, आन् बबनराव ड्युटीवर. कंपनीच्या गेटवरच फोन जमा करून घेतात.

दारात टँकर, आन् वहिनी रिकाम्या ड्रमाशेजारी उभ्या. रफिकभाई बिचारे हात जोडून म्हणाले, "भाभी, पानी है, पाइप है, ड्रम है. बस, नंबर नहीं है." टँकर भरला तसा परत गेला.

वहिनी गप बसणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी अख्ख्या गल्लीच्या अर्जांवर रफिकभाईंचाच मोबाईल नंबर टाकला. तेव्हापासून रफिकभाई स्टेअरिंगवरून उतरायचे, खिशातला फोन काढायचे, स्वतःलाच ओटीपी विचारायचे आन् स्वतःलाच सांगायचे.

महिन्याच्या शेवटी त्यांना एजन्सीचा मेसेज आला. "प्रिय रफिक, आपण आमचे सर्वात मोठे ग्राहक आहात. पाणी जपून वापरा."

*

माझं घर चौथ्या गल्लीत. खरं दुखणं इथंच होतं. ॲपमधी गल्ली निवडायची यादी होती. एक, दोन, तीन, पाच. चौथी नाहीच. कुणीतरी टाकायला विसरलं, आन् बावीस घरं कोरडी पडली. आता सोमवारी-गुरुवारी टँकर येतो. पण तेव्हा आम्ही दिवसाआड तिसऱ्या गल्लीत घागरी घेऊन जायचो, आन् मागताना मान खाली जायची.

मी हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा. दाबला. तक्रारीसाठी तीन दाबा. दाबला. गल्ली क्रमांक दाबा. चार दाबला. "चुकीचा पर्याय." सात वेळा केलं, सात वेळा मीच चुकीचा. वर मेसेज, सेवा कशी वाटली? शून्य तारे द्यायची सोय नव्हती. एक दिला. उत्तर आलं, "आपलं समाधान हेच आमचं यश."

आमच्या शेठचा नियम होता, गिऱ्हाईक गादीवर टेकलं की आधी पाण्याचा ग्लास, मग कापड. घेतलं नाय तरी पाणी पाजून पाठवायचं. आन् इथं तर दुकानच पाण्याचं.

*

गल्लीत सगळ्यात जास्त हाल गयाबाईचे. खुलताबादकडची बाई, घर मेंढपाळाचं. तिकडं विहिरी आटल्या म्हणून सात शेरडं घेऊन शहरात आली, बांधकामावर जायची. ती सांगायची, "मामा, तिथं नव्या भिंतीला दिवसातून दोनदा पाणी मारत्यात. माझ्या शेरडाला येकदा भेटंना." दोन शेरडं तिनं विकली होती. ह्या आठवड्यात टँकर आला नाय तर उरलेली पाचही बाजारात न्यायची, असं तिनं मनाशी धरलं होतं. मला ते ऐकवंना.

तिला घेऊन मी क्रांती चौकाजवळच्या एजन्सीच्या ऑफिसात गेलो. दारात टोकनचं मशीन. त्यातही तीच यादी. चौथी गल्ली नाय म्हणून टोकन नाय, आन् टोकन नाय म्हणून वॉचमन आत सोडंना. आत काउंटरवरची मुलगी मोकळी बसलेली.

गयाबाईनं तिसरी गल्ली दाबली. टोकन आलं. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघितला. "तिसऱ्या गल्लीला कालच पाणी मिळालंय. तुमची तक्रार बंद केली."

गयाबाई तिथून निघाली ती गल्लीत दारोदार फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांच्या मेव्हण्याच्या टेम्पोतून बावीस ड्रम त्या ऑफिसच्या हॉलमधी उतरले. नावासकट, ओळीनं, पहिला मशीनला टेकून.

वॉचमन धावला. "हे काय?"

"रांग हाय," गयाबाई म्हणाली. "मला कामावर जायचंय. माझा नंबर ह्यो धरील. सरकवू नगा."

दुपारपर्यंत हॉलमधी पाय ठेवायला जागा राहिली नाय. मॅनेजर साहेब बाहेर आले आन् म्हणाले, "ड्रम उचला. मी स्वतः येऊन पाहणी करतो."

*

आले. भर दुपारी, एकटे, हातात फोन. बावीस ड्रमांचे फोटो काढता काढता घामानं निथळले. गयाबाईच्या दारापुढं थांबून म्हणाले, "मावशी, जरा पाणी मिळंल का?"

गयाबाई आत गेली. सकाळी तिसऱ्या गल्लीतून डोक्यावर आणलेल्या घागरीतून तिनं तांब्या भरला, बाहेर आली आन् तांब्या हातातच धरून उभी राहिली.

"देते की. कोन्ची गल्ली?"

"हीच. चौथी."

"चौथी यादीत नाय साहेब. येक, दोन, तीन, पाच. ह्यातली सांगा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी ड्रमांकडं बघितलं.

त्यांनी तिथंच ॲप बनवणाऱ्यांना फोन लावला. उन्हात स्क्रीन दिसंना म्हणून स्पीकर चालू, त्यामुळं अख्खी गल्ली ऐकत होती. "चौथी गल्ली टाका. आत्ताच्या आत्ता. मी इथून हलणार नाही."

पलीकडून गोड आवाज आला, "नक्की सर. त्यासाठी ॲपवर रिक्वेस्ट टाका. आधी तुमची गल्ली निवडा."

गयाबाईनं आपला रिकामा ड्रम पालथा केला, पदरानं पुसला, साहेबांच्या मागं सरकवला आन् तांब्या त्यांच्या हातात दिला.

"बसा साहेब. प्या. त्याला लई येळ लागतो."